रोइंग मशीनची गेलेली चव

प्रश्न असा आहे: "ताई, मी भुसावळला रेल्वेत आहे. वय ४१, वजन ६४ किलो, ड्युटी पाळीची. लॉकडाऊननंतर घरी रोइंग मशीन (बसून वल्हं मारल्यासारखा व्यायाम करायचं यंत्र) घेतलं. २००० मीटरची वेळ ८:१० वरून ७:२८ वर आणली. ७:२० गाठायचंच म्हणून जानेवारीपासून आठवड्याचे सहा दिवस बसत होतो, त्यातले चार दिवस इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग थोडी उसंत), डँपर (पंख्यात हवा किती जाऊ द्यायची ती कळ) दहावर. एप्रिलच्या शेवटी टेस्ट दिली तर ७:४१. त्या दिवसापासून मशीनला हात लावलेला नाही, अकरा आठवडे झाले. आता त्यावर टॉवेल वाळतात आणि त्या खोलीत गेलं की अपराध्यासारखं वाटतं. हा आळस आहे का? उत्साह परत कसा आणू? की विकून टाकू?"

दादा, आधी आळसाचं बोलू. आळशी माणूस रात्रपाळी करून घरी येऊन ५०० मीटरचे आठ तुकडे ओढत नाही. तुम्ही चार महिने ते केलंत. आळस असता तर जानेवारीतच मशीनवर टॉवेल पडले असते. तुमचं जे झालंय त्याला आमच्या घरात साधा शब्द आहे. ताप येऊन गेला की आजी म्हणायची, "तोंडले चव नही." भाकरी तीच, भरीत तेच, पण घास फिरतो. अशा वेळी माणसाला कोणी ताट भरून वाढत नाही आणि खात नाही म्हणून रागावतही नाही. तुम्ही मात्र गेले अकरा आठवडे स्वतःला भरलं ताट दाखवताय आणि खाल्लं नाही म्हणून बोल लावताय. चव परत येते, पण तिची एक रीत असते. तीच सांगते.

मी जळगावला गेली चौदा वर्षं लोकांना हे मशीन शिकवते. त्याआधी पुण्यात शिकत असताना मुळेच्या पात्रात बोट चालवायला शिकले. आणि तुमच्या जागी मी स्वतः बसून आले आहे. २०१६ च्या जानेवारीत ठरवलं होतं, रोज १० किलोमीटर, शंभर दिवस, म्हणजे दहा लाख मीटर. एकाहत्तराव्या दिवशी सकाळी सीटवर बसले, पायाचे पट्टे आवळले, हँडल हातात घेतलं, आणि ओढलंच नाही. दुखत काही नव्हतं. दोन मिनिटं तशीच बसले, पट्टे सोडले आणि उठले. त्यानंतर तीनदा जबरदस्तीने बसून पाहिलं. तिन्ही वेळा दहा मिनिटांच्या आत उठले आणि दरवेळी मन आणखी कडवट झालं. त्या तीन वेळांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला आधीच सांगते: आज रात्री जिद्दीने उठून "उद्यापासून पुन्हा सुरू" असं काही करू नका.

तुमच्या आकड्यांकडे येऊ, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय. मशीनचा मॉनिटर वेळ दाखवतो, पण शरीराला मोजावे लागतात वॅट. वेग आणि ताकद यांचं नातं घनाचं आहे, म्हणजे थोडा वेग वाढवायलाही ताकद बरीच जास्त लागते. ८:१० साठी सरासरी १९० वॅट लागतात, ८:०० साठी २०२. म्हणजे तिथे दहा सेकंदांची किंमत होती १२ वॅट. ७:२८ ला लागतात २४९ आणि ७:२० ला २६३. आता आठच सेकंदांना १४ वॅट. सुरुवातीला सेकंद भराभर पडतात, पुढे प्रत्येक सेकंद महाग होत जातो. यात तुम्ही कमी पडलात असं काही नाही, पंख्याने हवा कापण्याचं गणितच तसं आहे. १९० वरून २४९ वॅटवर जाणं म्हणजे ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढवणं. हे तुम्ही पाळीची नोकरी सांभाळून केलं आहे. ते कुठे गेलेलं नाही.

वजनाचंही बघा. हे मशीन जड माणसाला झुकतं माप देतं, कारण इथे स्वतःचं वजन पाण्यातून वाहून न्यावं लागत नाही. रोइंग मशीन बनवणाऱ्या कन्सेप्ट टू कंपनीचा वजनाचा हिशेब आहे, त्या सूत्राने ६४ किलोच्या माणसाची ७:२८ ही वेळ ९० किलोच्या माणसाच्या साधारण ६:५५ च्या बरोबरीची भरते. तुम्ही ऑनलाइन कोणाचे आकडे पाहून ७:२० ठरवलं ते मला माहीत नाही, पण तो माणूस किती किलोचा होता हे विचारलं होतंत का?

आता एप्रिलची ती टेस्ट. ७:४१ म्हणजे सुमारे २२९ वॅट, वीस वॅटची घसरण. तुम्ही ती ताकद गेल्याचा पुरावा मानली. मी वेगळं मानते. एप्रिलच्या अखेरीस भुसावळला पारा ४३-४४ वर असतो, आणि आपल्याकडच्या घरात मशीन ठेवतात ती बहुतेक मागची नाहीतर वरची, पत्र्याची खोली. उन्हात शरीराला दोन कामं एकाच रक्तातून करायची असतात, स्नायूंना प्राणवायू पुरवायचा आणि कातडीकडे रक्त पाठवून अंग थंड ठेवायचं. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं आणि हृदयाचे ठोके त्याच वेगाला चढत जातात. डिसेंबरात जो वेग सहज जमतो तो मे महिन्यात अंगावर येतो. त्यात चार महिन्यांचा साठलेला थकवा आणि पाळीमुळे मोडलेली झोप. अशा दिवशी ७:४१ आली याचं मला नवल वाटत नाही. ती टेस्ट द्यायलाच नको होती.

खरी चूक जानेवारीत झाली. आठवड्यात चार दिवस इंटरव्हल हे खेळ हाच ज्यांचा धंदा आहे तेसुद्धा करत नाहीत. स्टीफन सायलर नावाच्या संशोधकाने धावपटू, स्कीपटू, रोअर (वल्हं मारणारे) अशा वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा सराव तपासून दाखवलं की त्यांचा साधारण ८० टक्के सराव अगदी हलका असतो, गप्पा मारता येतील इतका. जोराचा भाग उरलेला. आणि ही माणसं दुपारी झोपतात, त्यांना रात्री अडीच वाजता ड्युटी नसते. तुम्ही नेमकं उलटं केलंत. शरीराने ते चार महिने सोसलं, ही त्याची माया म्हणायची.

मानसशास्त्रात खेळाडूच्या अशा कोमेजण्याची तीन लक्षणं सांगतात: शरीर-मनाचा थकवा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, आणि ज्याची आवड होती त्याच खेळाबद्दलची नावड. तुमच्या चार ओळींत तिन्ही आहेत. पण एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि मला ती विचारायची आहे. चव फक्त मशीनची गेली आहे, की सगळ्याचीच? मुलांशी बोलणं, जेवण, क्रिकेटची मॅच, मित्रांसोबत शेवभाजीला जाणं, हे अजून आवडतंय ना? सगळंच बेचव झालं असेल, झोप उडाली असेल किंवा उठवतच नसेल, तर हा प्रश्न रोइंगचा राहिला नाही. मग डॉक्टरांकडे जा, मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सगळं ठीक असलं तरी एकदा रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं फार सर्रास आहे. माझ्याकडे येणाऱ्या दोघांची "प्रेरणा" गोळ्या-इंजेक्शनांनी परत आली, माझ्या सल्ल्याने नाही. आणि आठवडाभर मुख्य झोपेतून उठल्यावर, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजून लिहून ठेवा. रात्रपाळी असेल तर दुपारी उठल्यावर. हा तुमचा पाया. पुढे कधी ती सलग तीन-चार दिवस सात-आठ ठोक्यांनी चढलेली दिसली तर त्या दिवशी मशीनवर जायचं नाही, एवढ्यासाठीच ती हवी.

आता मशीनकडे. पण बसायला नाही.

पहिलं काम, टॉवेल काढा. दुसरं, बॅटरी घेऊन फ्लायव्हीलच्या, म्हणजे पुढच्या पंख्याच्या चाकाच्या, जाळीत डोकवा. तुम्हाला काय दिसेल ते मी इथे बसून सांगते: करड्या रंगाची लोकर. आपल्याकडे दिवाळीपासून कापसाचं जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू असतात, उन्हाळ्यात वावटळीची धूळ येते, आणि हा पंखा ते सगळं आत ओढून जाळीवर थापतो. मी दरवर्षी जाळीचं झाकण उघडते तेव्हा रुई आणि धुळीचा जो थर निघतो तो हातात गोधडीच्या तुकड्यासारखा धरता येतो. छिद्रं बुजली की हवा कमी जाते, मशीन हलकं लागतं, आणि माणूस डँपर वर सरकवत जातो. तुम्ही दहावर कसे पोचलात त्यातला थोडा भाग इथेही असू शकतो.

डँपर दहावर म्हणजे सराव जास्त, ही समजूत आमच्या जिममध्येही घर करून आहे. डँपर म्हणजे सायकलच्या गिअरसारखी सोय. जोर किती लावायचा ते तुमचे पाय ठरवतात, तो आकडा नाही. दहावर चाक लवकर मंदावतं, प्रत्येक ओढीला ते थांबल्यासारखं होऊन पुन्हा उचलावं लागतं, आणि ६४ किलोच्या माणसाच्या कमरेला ते चार महिने उचलायला लावणं बरं नाही. मॉनिटरच्या मेनूमध्ये ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला हवेचा प्रत्यक्ष किती अडथळा होतो ते, दिसतं, तो खरा आकडा. साफ करण्याआधी तो बघून लिहून ठेवा. मग व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने जाळी साफ करा, सीटची पट्टी ओल्या फडक्याने पुसा (ती काळी रेघ जाईपर्यंत), साखळीला शिलाई मशीनच्या तेलाचे थोडे थेंब कापडावर घेऊन लावा आणि जास्तीचं पुसून टाका. पुन्हा आकडा बघा. डँपर खाली आणत आणत ११० ते १२० च्या मध्ये कुठेतरी थांबा. बहुतेक तीन-चारवर येईल. त्या दिवशी एवढंच. तासभर लागेल, मुलांना सोबत घ्या.

हे मी मन रमवायला सांगत नाही. अकरा आठवडे ते मशीन तुमच्याकडे न्यायाधीशासारखं बघतंय. त्याला हाताने साफ केलं, तेल घातलं की ते पुन्हा तुमच्या घरातली एक वस्तू होतं. पोळ्याला बैलाला धुतो, शिंगं रंगवतो आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही, तसंच समजा.

त्यानंतर आठ-दहा दिवस फक्त चाला. सकाळी किंवा पावसाची उघडीप बघून, तापीच्या बाजूला गेलात तर उत्तम. आत्ता आषाढात नदीला गढूळ पाणी असतं, पण पाणी वाहताना बघणं रोअरला बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

आता माझी राहिलेली गोष्ट सांगते, कारण पुढचं त्यातूनच आलंय. त्या २०१६ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भावाची मुलगी आमच्याकडे आली होती, दहा वर्षांची. मशीन भिंतीला लावलेलं, मॉनिटरचा दांडा खाली पाडलेला. तिने हँडल धरून ओढलं, चाक घुमलं, आणि ती म्हणाली, "आत्या, हे समुद्रासारखं वाजतं. तू वाजव ना." तिच्यासाठी मी बसले. वीसेक ओढी मारल्या असतील, सावकाश. शूऽऽ… मग सीट मागे सरकण्याची बारीक घरघर… पुन्हा शूऽऽ. पडदा दिसत नव्हता. आणि माझ्या लक्षात आलं की हा आवाज मी कित्येक महिने ऐकलाच नव्हता. माझे डोळे सतत आकड्यावर होते आणि कान हेडफोनमध्ये. बोटीवर शिकताना आमचे प्रशिक्षक डोळे मिटायला लावायचे, वल्हं पाण्यात शिरल्याचा आणि बाहेर निघाल्याचा आवाज ऐका म्हणायचे. ते मी घरी येऊन विसरले होते. त्या दिवशी वीस ओढींनंतर मी थांबले तेव्हा आणखी माराव्याशा वाटत होत्या. मारल्या नाहीत. तीच माझी सुरुवात.

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा बसाल तेव्हा मॉनिटरवर रुमाल टाका किंवा तो दांडा खाली पाडा. हेडफोन नको. घड्याळात बारा मिनिटांचा गजर लावा आणि मशीन फक्त ऐका. पायांनी ढकला, मग कंबर, मग हात. येताना हात, कंबर, गुडघे. परत येताना घाई नाही, जाण्याच्या दुप्पट वेळ घ्या. ओढ चांगली बसली की चाकाचा आवाज एका दमात चढतो, मध्ये अडखळत नाही. एवढंच लक्ष. गजर झाला की उठा, कितीही बरं वाटत असलं तरी. अजून दोन घास खावेसे वाटताहेत तेव्हाच ताटावरून उठायचं. तळहातावरचे घट्टे गेले असतील, तिथली नवी कातडी मऊ आहे, तिलाही बारा मिनिटं पुरेत.

असं आठवड्यातून तीनदा, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी नाही. रात्रपाळीनंतर झोप हाच सराव. तीन आठवड्यांनी वेळ वीस-पंचवीस मिनिटांवर न्या, रुमाल तसाच. वेग इतकाच की शेजारी बसलेल्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. मिनिटाला अठरा-वीस ओढी पुरतात. एखाद्या दिवशी बसावंसंच वाटलं नाही तर कपडे बदलून सीटवर या, पाच मिनिटं ओढा, तरी नको वाटलं तर उठा. ते पाच मिनिटंही वहीत लिहा. वहीत मीटर लिहू नका, एक शब्द लिहा: "हलकं", "जड", "झोप नव्हती", "मजा आली". महिन्याभराने ती वही मीटरांपेक्षा जास्त सांगेल.

अकरा आठवड्यांत सगळं गेलं असेल ही भीती सोडा. दम आधी कमी होतो, कारण सराव थांबला की रक्तातलं पाणी पहिल्या काही दिवसांतच घटतं. पण परत येतानाही तेच सगळ्यात आधी येतं. ओढण्याची रीत अंगात मुरलेली आहे, ती सायकल चालवण्यासारखी राहते. पहिले दोन आठवडे मात्र धाप जास्त लागेल. त्यावरून निष्कर्ष काढू नका, आणि म्हणूनच तो रुमाल.

साधारण सहा आठवड्यांनी, श्रावणात कानबाईचे रोट खाऊन झाल्यावर, रुमाल काढायला हरकत नाही. तेव्हा आठवड्यातून एकच दिवस जोर, आणि तो तुम्ही निवडायचा. कोणाच्या तयार तक्त्यातून नाही. एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असं सहा वेळा. किंवा वीस मिनिटांत मध्ये मध्ये दहा-दहा जोरदार ओढी. नको वाटलं तर तो आठवडा सोडून द्या. आपल्या मर्जीने केलेलं आणि आपल्याला जमतंय असं वाटणारं काम माणूस पुन्हा करतो, हे शिकवण्याच्या चौदा वर्षांत मी इतक्यांदा पाहिलंय की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

२००० मीटरची टेस्ट डिसेंबरच्या आधी नको. थंडीच्या सकाळी, सलग दोन सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी. वर्षाला आपल्या हवामानाप्रमाणे बसवा: खानदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने जोराचे, आणि आखाजीपासून मृगापर्यंत नुसतं हलकं, पहाटे, किंवा अजिबात नाही. कोरडवाहू शेतकरी वैशाखात पेरत नाही. मी २०१७ पासून मे महिन्यात कोणालाच टेस्ट देऊ देत नाही. काही जण रागावून दुसऱ्या जिमला गेले, तरी देत नाही.

एक गोष्ट राहिली, सोबत. बंद खोलीत एकट्याने भिंतीकडे तोंड करून रोइंग करणं मुळात विचित्र आहे, हा चौघा-आठांचा खेळ. चांदवड तालुक्यातला, आपल्या शेजारचाच, दत्तू भोकनळ. दुष्काळी भागातला मुलगा, विहिरी खणण्याची कामं केलेला, सैन्यात गेल्यावर वल्हं धरलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोचला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकट्याच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत आजारी असताना तो मागे पडला, आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत सुवर्णपदक मिळालं. त्यातून आजारपणात ओढावं असा अर्थ काढू नका. मला त्यात बोटीत पुढे-मागे बसलेली माणसं दिसतात. तुमच्या खोलीत कोणीतरी बसू दे. बायको चहा घेऊन बसली, मुलाने ओढी मोजल्या, ड्युटीवरचा एखादा मित्र रविवारी येऊन आळीपाळीने ओढून गेला, तरी खोली बदलते. आणि मशीन भिंतीकडून खिडकीकडे वळवा.

विकण्याचं आत्ता ठरवू नका. तोंडाला चव नसताना घरातलं धान्य कोणी विकत नाही. दिवाळी होऊ द्या. इतकं सगळं करूनही तेव्हा बसावंसं वाटलं नाही तर खुशाल विका, चांगल्या घरी द्या, आणि चालणं किंवा पोहणं धरा. मी तुम्हाला एका शब्दानेही बोलणार नाही.

सध्या फक्त टॉवेल आणि जाळी. साफ करण्याआधीचा आणि नंतरचा ड्रॅग फॅक्टर मला कळवा, आणि किती रुई निघाली तेही.